जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलून त्याची क्षमता वाढवता येते का?

विचारणा थोडक्यात अशी आहे: सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेल्या, सातव्या पिढीचा कोअर आय५ प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपची बॉडी, कीबोर्ड, स्क्रीन आणि बिजागऱ्या अजून उत्तम अवस्थेत आहेत, मात्र यंत्र संथ झाले आहे आणि विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही. अशा वेळी संपूर्ण लॅपटॉप टाकून न देता केवळ मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारा मुख्य सर्किट बोर्ड) बदलून नवा प्रोसेसर मिळवता येईल का, आणि तसे करावे का?

मदरबोर्ड बदलता येतो, परंतु तुमच्याच सांगाड्यासाठी तयार झालेला बोर्डच त्यात बसतो. डेस्कटॉपमध्ये १९९५ पासून एटीएक्स हे सर्वमान्य मानक आहे, त्यामुळे एका कंपनीच्या कॅबिनेटमध्ये दुसऱ्या कंपनीचा बोर्ड विनासायास बसतो. लॅपटॉपमध्ये असे कोणतेही मानक कधी रुजले नाही. बोर्डचा आकार, स्क्रूची छिद्रे, पोर्टांच्या जागा, पंख्यासाठी कापलेली खाच, कीबोर्डच्या रिबन केबलचा कनेक्टर, बॅटरीच्या पिनांची मांडणी हे सारे त्या-त्या मॉडेलपुरतेच ठरलेले असते. नवा बोर्ड दोन मिलिमीटरने जरी वेगळा असला तरी चार्जिंगचा जॅक छिद्रासमोर येत नाही आणि तिथेच काम थांबते.

केवळ प्रोसेसर काढून दुसरा बसवण्याचा मार्ग तर आता जवळजवळ बंदच झाला आहे. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१३-१४ पर्यंत, काही लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असे आणि एक स्क्रू फिरवून तो काढता येत असे. पाचव्या पिढीपासून इंटेलचे लॅपटॉपसाठीचे प्रोसेसर थेट बोर्डवर सोल्डर केलेलेच येऊ लागले. त्यामुळे आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बदलणे याचा व्यवहारातला अर्थ संपूर्ण बोर्ड बदलणे एवढाच उरतो.

बोर्डचा विचार करण्याआधी संथपणाचे कारण मात्र तपासून घ्यावे, कारण पुष्कळदा दोष प्रोसेसरचा नसतो. यंत्रात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवल्यावर जो फरक पडतो तो बोर्ड बदलूनही पडणार नाही. नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावे: डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली असेल तर एसएसडी हवी, मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर रॅम हवी, आणि प्रोसेसर ताणाखाली असताना त्याचा वेग मूळ वेगाच्याही खाली घसरत असेल तर हीटसिंकमधील (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या भागातील) धूळ काढून थर्मल पेस्ट (त्या दोहोंमधील उष्णतावाहक लेप) नव्याने लावायला हवी. या तिन्ही गोष्टी करूनही प्रोसेसरच अपुरा पडत असेल, तरच पुढचा मजकूर तुमच्या कामाचा आहे.

माझ्या मते मदरबोर्ड बदलणे मोजक्याच परिस्थितींत शहाणपणाचे ठरते. त्यांतली सर्वांत उपयोगी परिस्थिती अशी की उत्पादकाने त्याच बॉडीत कमी आणि जास्त क्षमतेचे असे दोन्ही बोर्ड विकलेले असतात. प्रस्तुत प्रश्नाच्या संदर्भात हे विशेष महत्त्वाचे आहे. इंटेलने ऑगस्ट २०१७ मध्ये आठव्या पिढीचे १५ वॅटचे प्रोसेसर आणले, तेव्हा कोअरची (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणना-केंद्रांची) संख्या दोनवरून चारवर गेली; आय५-७२००यू मध्ये दोन कोअर होते, आय५-८२५०यू मध्ये चार. वीज तेवढीच, पण कोअर दुप्पट, अशी उडी त्या वर्गात त्याआधी बरीच वर्षे दिसली नव्हती. त्या संक्रमणाच्या काळातले काही लॅपटॉप दोन्ही पिढ्यांच्या प्रोसेसरसह विकले गेले. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० हे त्याचे ठळक उदाहरण आहे: तो सातव्या आणि आठव्या अशा दोन्ही पिढ्यांत मिळत असे. तुमचे मॉडेल अशा प्रकारचे असेल, तर आठव्या पिढीचा बोर्ड हा त्या बॉडीचा हक्काचा बोर्ड आहे. कापाकापी करावी लागत नाही आणि रॅम, एसएसडी, बॅटरी बहुधा तीच चालते. शिवाय काही अपवाद वगळता मायक्रोसॉफ्टची विंडोज ११ साठीची इंटेल प्रोसेसरांची यादी आठव्या पिढीपासूनच सुरू होते, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. म्हणजे एका पिढीच्या या फरकामुळे यंत्राचे आयुष्य प्रत्यक्ष वाढते.

दुसरी परिस्थिती सोल्डर केलेल्या रॅमची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. थिंकपॅड एक्स२८० किंवा एक्स१ कार्बन यांसारख्या सडपातळ यंत्रांत रॅमसाठी स्लॉटच नसतो. ८ जीबीचे यंत्र घेतले की ते कायमचे ८ जीबीचेच राहते आणि १६ जीबी हवी असल्यास १६ जीबीचा बोर्डच बसवावा लागतो. प्रोसेसर तोच ठेवून केवळ रॅमसाठी बोर्ड बदलणे प्रथमदर्शनी अतिरेकी वाटते, परंतु उत्तम स्क्रीन आणि चांगली बॅटरी असलेल्या अशा यंत्राच्या बाबतीत मी ते विनासंकोच सुचवतो. बोर्ड त्याच मॉडेलचा असल्याने सुसंगतीचा प्रश्न जवळजवळ उरत नाही.

तिसरी परिस्थिती म्हणजे मुळातच बोर्ड बदलता यावा अशा हेतूने घडवलेला लॅपटॉप. फ्रेमवर्क कंपनीने २०२१ मध्ये अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसह आपला १३ इंची लॅपटॉप आणला आणि पुढे त्याच बॉडीत बसणारे बाराव्या व तेराव्या पिढीचे इंटेल बोर्ड, तसेच एएमडीच्या रायझन ७०४० मालिकेचे बोर्ड सुटे विकायला काढले. तिथेही सर्व काही जसेच्या तसे चालत नाही: तेराव्या पिढीपर्यंतच्या इंटेल बोर्डांना डीडीआर४ रॅम चालते, तर रायझनच्या बोर्डला डीडीआर५ लागते, म्हणजे त्या वाटेने गेल्यास रॅमही नवीच घ्यावी लागते.

यापलीकडे हौशी मंडळींचे एक वेगळेच जग आहे. जुन्या थिंकपॅडच्या बॉडीत बसतील असे पूर्णतः नवे बोर्ड चीनमधील ५१एनबी या गटाने तयार केले. एक्स६१ साठी एक्स६२, एक्स२०० आणि एक्स२०१ यांच्यासाठी आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा एक्स२१०, टी६० आणि टी६१ साठी टी७० ही त्यांची नावे या वर्तुळात सुपरिचित आहेत. टी६० च्या बॉडीत टी६१ चा बोर्ड बसवण्याची जोडजमवणीही एकेकाळी बरीच चालत असे. हे काम देखणे असते, पण त्यामागची प्रेरणा जुना कीबोर्ड आणि ४:३ प्रमाणातली स्क्रीन जपण्याची असते. फर्मवेअरच्या (बोर्डमध्येच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सुधारणा, सुटे भाग, झोपेतून जागे होताना अडखळणारे यंत्र यांचा सगळा भार मालकालाच वाहावा लागतो, हे माहीत असूनही ज्यांना ते हवेसे वाटते त्यांच्यासाठीच तो मार्ग आहे.

तुमचा लॅपटॉप यांपैकी कोणत्याही गटात बसत नसेल, तर बोर्डचा विचार सोडून द्यावा असेच मी सांगेन. एकाच मालिकेतल्या पुढच्या वर्षीच्या मॉडेलची बॉडी बाहेरून तंतोतंत सारखी दिसते म्हणून तिचा बोर्ड आपल्याकडे बसेल, असे गृहीत धरणे सर्वांत घातक असते.

सुसंगती ठरवताना मॉडेलच्या जाहिरातीतील नावावर विसंबू नये. एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे दोन वेगळे बोर्ड असू शकतात. यंत्र उघडून बोर्डवर छापलेला क्रमांक वाचावा. इतर कंपन्यांसाठी लॅपटॉप बनवून देणाऱ्या कॉम्पालच्या बोर्डांवर तो साधारणपणे ‘एलए’ने सुरू होतो, तशाच क्वांटा कंपनीच्या बोर्डांवर ‘डीए’ने, तर लेनोव्होच्या अनेक बोर्डांवर ‘एनएम’ने. याखेरीज उत्पादकाचा स्वतःचा सुट्या भागाचा क्रमांकही असतो: लेनोव्होमध्ये एफआरयू, डेलमध्ये डीपी/एन, एचपीमध्ये स्पेअर पार्ट नंबर. थिंकपॅडची हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल उत्पादकाच्या संकेतस्थळावर खुली असते आणि बॉडी उघडण्याचा क्रम, स्क्रूंची लांबी, केबलांच्या जागा यांची माहिती तिच्यात आढळते. छापील क्रमांकाचा मुख्य भाग सारखा असेल आणि केवळ शेवटची आवृत्ती वेगळी असेल, तर बोर्ड बहुधा बसतो. मुख्य भागच वेगळा असेल, तर दोन्ही बोर्डांची छायाचित्रे शेजारी ठेवून छिद्रे आणि कनेक्टर एकेक करून पडताळावे लागतात.

बोर्ड बसला म्हणजे काम झाले असे नाही, कारण त्याच्याभोवतीचे भागही त्याला अनुरूप असावे लागतात. स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेल्या आणि नसलेल्या बोर्डांचे हीटसिंक वेगळे असतात. साध्या बोर्डचा हीटसिंक ग्राफिक्सच्या चिपपर्यंत पोहोचतच नाही. उलट दिशेने मात्र काही मॉडेलांत फायदा होतो, आणि टी४८० मध्ये स्वतंत्र ग्राफिक्ससाठीचा जाड हीटसिंक साध्या बोर्डवर बसवून प्रोसेसर थंड ठेवण्याची युक्ती बरीच रूढ आहे. चार्जरकडेही पाहावे लागते. ४५ किंवा ६५ वॅटच्या चार्जरवर चालणाऱ्या यंत्रात स्वतंत्र ग्राफिक्सचा बोर्ड घातल्यास त्याला ९० किंवा १३५ वॅटचा चार्जर लागू शकतो, आणि जुन्या चार्जरवर यंत्र चालू तर होते, पण वेग दाबून ठेवते.

सर्वाधिक जपावी लागते ती स्क्रीनची केबल. साधारण २०१३ पूर्वीच्या यंत्रांत एलव्हीडीएस ही पद्धत होती, नंतर ईडीपी आली. ईडीपीमध्येही साध्या स्क्रीनसाठी ३० पिनांचा आणि जास्त रिझोल्यूशनच्या किंवा टचस्क्रीनसाठी ४० पिनांचा कनेक्टर सामान्यतः वापरला जातो. या केबलमधून चित्राच्या संकेतांसोबत बॅकलाइटसाठीचा चढा व्होल्टेजही जातो. चुकीच्या मांडणीची केबल जोडली, किंवा बॅटरी जोडलेली असताना केबल तिरकी घातली, तर तो व्होल्टेज संकेतांच्या तारांवर जाऊन स्क्रीन आणि बोर्ड दोन्ही निकामी होऊ शकतात. म्हणूनच नव्या बोर्डसाठी उत्पादकाने दिलेला केबलचा क्रमांक आणि आपल्या केबलवरचा क्रमांक जुळल्याशिवाय ती जोडू नये.

रॅमचे प्रकार खाचेच्या जागेमुळे एकमेकांत बसतच नाहीत, त्यामुळे तिथे गफलत कमी होते. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिन, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२ पिन असतात. फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात, कारण दोन्ही एकाच स्लॉटमध्ये बसतात. परंतु पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ व्होल्टवर, आणि नंतरच्या पिढ्यांच्या बोर्डांना दुसरीच हवी असते. वायफाय कार्डातही असाच एक खड्डा आहे. इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डे इंटेलच्या ठरावीक प्लॅटफॉर्मवरच चालतात, कारण त्यांच्या कामाचा काही भाग प्रोसेसरच्या बाजूला केला जातो. एएमडीच्या बोर्डवर ती ओळखलीही जात नाहीत. तिथे एएक्स२१० सारखे स्वयंपूर्ण कार्ड लागते.

सुटा बोर्ड बहुधा वापरलेल्या यंत्रातून काढलेलाच मिळतो, आणि विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून बायोसच्या (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ फर्मवेअरच्या) पानाचे छायाचित्र मागण्याचा आग्रह मी नेहमी धरतो. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेल्या यंत्रांवर सुपरवायझर पासवर्ड (बायोसला लावलेले कुलूप) राहिलेला असू शकतो. थिंकपॅडमध्ये तो विसरला गेल्यास अधिकृत उपाय बोर्ड बदलणे हाच आहे, म्हणजे आपण जे करायला निघालो तेच पुन्हा. चोरीविरोधी अॅब्सोल्यूट यंत्रणा चालू आहे का, आणि यंत्र मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट या, संस्थांची यंत्रे दुरून नियंत्रणाखाली आणणाऱ्या सेवेत पूर्वीच्या संस्थेच्या नावे नोंदलेले आहे का, हेही विचारावे. ऑटोपायलटची नोंद हार्डवेअरच्या ओळखीवर बेतलेली असल्याने विंडोज नव्याने टाकूनही जात नाही. चिपभोवती फ्लक्सचे (सोल्डरिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनाचे) डाग किंवा तपकिरी छटा दिसत असेल, तर तिथे कोणीतरी गरम हवेने काम केलेले आहे असे समजावे. फार जुन्या यंत्रांसाठी बोर्ड घेताना स्वतंत्र ग्राफिक्सचा मोह टाळलेला बरा: २००७-०८ च्या सुमारास एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिपांमध्ये आवेष्टनाचा (पॅकेजिंगचा) दोष होता आणि तो कंपनीने २००८ मध्ये मान्यही केला होता. टी४८० च्या काळातील काही थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट कंट्रोलरच्या फर्मवेअरमुळे यूएसबी-सी पोर्ट बिघडण्याची तक्रार होती आणि लेनोव्होने त्यावर फर्मवेअर सुधारणा दिली. म्हणून असा बोर्ड घेतल्यास त्या पोर्टची चाचणी आणि ती सुधारणा ही पहिली कामे समजावीत. अॅपलच्या अलीकडच्या लॅपटॉपविषयी येथे लिहीत नाही, कारण त्यांत साठवण बोर्डवरच असते आणि बोटाच्या ठशाचा सेन्सर बोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे प्रश्नच वेगळा होतो.

स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी सॉफ्टवेअरची तयारी पूर्ण करावी. सर्व माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. नंतर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावे. अनेक लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत चालू झालेले असते. त्याची किल्ली बोर्डवरील टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये बंदिस्त असल्यामुळे बोर्ड बदलताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे किंवा डिस्कचे एन्क्रिप्शन पूर्णपणे काढून टाकावे. बोटाचा ठसा आणि पिन ही विंडोजची प्रवेशसाधनेही टीपीएमशी निगडित असतात, म्हणून खात्याचा पासवर्ड पाठ असायला हवा. विंडोजचा परवाना मुख्यतः बोर्डशी जोडलेला असतो: यंत्रासोबत आलेला ओईएम परवाना नव्या बोर्डवर नेता येत नाही, स्वतंत्र विकत घेतलेला नेता येतो. वापरलेल्या बोर्डच्या फर्मवेअरमध्ये बहुधा त्याची स्वतःची किल्ली असते आणि तीच आवृत्ती बसवल्यास विंडोज पुष्कळदा आपोआप सक्रिय होते.

प्रत्यक्ष काम चिकाटीचे आहे, अवघड नाही. आतील बॅटरी बायोसमधून बंद करण्याची सोय असल्यास ती वापरावी, मग चार्जर काढावा, बॉडी उघडावी आणि सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. बाकी सारे त्यानंतर. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू काढलेल्या क्रमाने वेगवेगळे ठेवावेत, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसवला तर तो बोर्डच्या आतल्या थरात घुसतो. रिबन केबलच्या कनेक्टरची पट्टी काही ठिकाणी वर उचलायची असते, काही ठिकाणी मागे सरकवायची असते. जोर लावण्याआधी ती नीट पाहावी. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचे झाकण नसते, उघडी सिलिकॉनची चकती असते, म्हणून थर्मल पेस्टचा पातळ थर तिच्या पूर्ण पृष्ठभागावर पसरावा आणि हीटसिंकचे स्क्रू त्यावर लिहिलेल्या क्रमांकांनुसार थोडे-थोडे आवळावेत. व्होल्टेज नियंत्रकांवरचे जुने थर्मल पॅड फाटले असतील, तर त्याच जाडीचे नवे लावावेत. जाड पॅड लावल्यास हीटसिंक प्रोसेसरवर टेकतच नाही.

सर्व स्क्रू लावण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. बोर्डखाली कागद किंवा पुठ्ठा ठेवून त्यावर फक्त हीटसिंक, पंखा आणि एकच रॅम जोडावी आणि बाहेरच्या मॉनिटरवर चित्र येते का पाहावे. चालू करण्याचे बटण बऱ्याच यंत्रांत कीबोर्डवर किंवा वेगळ्या छोट्या बोर्डवर असते, तेवढे जोडून ठेवावे लागते. डीडीआर५ असलेल्या बोर्डवर पहिल्यांदा चालू करताना मेमरीची जुळणी होण्यास काही मिनिटे लागू शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच राहते; घाबरून वीज तोडू नये. थिंकपॅडवर २२०० किंवा २२०१ असा संदेश आला, तर तो बिघाड नसून बोर्डमध्ये अनुक्रमांक किंवा यंत्राची ओळख लिहिलेली नाही एवढेच तो सांगतो. दुरुस्ती केंद्रांकडील देखभाल डिस्कने ती लिहिता येते.

विंडोजची जुनी प्रत नव्या बोर्डवर अनेकदा सुरू होते, पण पिढी बदलली असेल तर मी ती ठेवत नाही, नव्याने टाकतो. डिस्क एका कंट्रोलर पद्धतीतून दुसरीत गेल्यास यंत्र निळ्या पडद्यावर अडकते, आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासून साठवणीसाठी असलेली व्हीएमडी पद्धत चालू असल्यास विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. त्यासाठी इंटेलचा स्टोअरेज ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्यावा किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करावी. लिनक्स या बाबतीत अधिक सोशीक असते. त्यानंतर बायोस अद्ययावत करावा आणि तासभर पूर्ण भार देऊन तापमान पाहावे. साधारण ९५ अंश सेल्सियसच्या पुढे जाऊन वेग घसरत असेल, तर हीटसिंक पुन्हा उघडावा लागणार हे उघड आहे. या तासाभरात चार्जिंग, झोपेतून जागे होणे, प्रत्येक यूएसबी पोर्ट, कॅमेरा आणि हेडफोनचा जॅक हेही तपासून घ्यावेत.

उतरवलेला जुना बोर्ड चालू स्थितीत असेल तर तो निदान काही महिने सांभाळून ठेवावा. नव्या बोर्डमध्ये दोष निघाल्यास परत फिरण्याचा तोच एक मार्ग असतो. शिवाय घरातल्या फाइली साठवण्यासाठीचा छोटा सर्व्हर म्हणूनही तो वापरता येतो, मात्र काही बोर्ड बॅटरी जोडलेली नसताना चालूच होत नाहीत किंवा वेग दाबून चालतात, हे आधी पडताळून पाहावे.